जोडी अख्खी की अर्धी

आमच्या घराला छप्पर एक होतं आणि चुली दोन. बाबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, यांची वाटणी झाली तेव्हा गवंड्याने ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत चिऱ्यांची भिंत घातली, पण ती आढ्यापर्यंत काही नेली नाही. वाशांच्या खाली दोन हात येऊन ती थांबली. चिरे कमी पडले की दोघांपैकी एकाला कंटाळा आला, मला माहीत नाही. विचारायची सोय नव्हती. त्यामुळे भिंतीवरून माणसं तेवढी जात नसत, बाकी सगळं जात असे. काकीने बांगड्याच्या तिकल्यात तिरफळं ठेचून टाकली की आमच्या चुलीपाशी तोंडाला पाणी सुटायचं. आमच्या आईने पेजेबरोबर खायला सुका बांगडा निखाऱ्यावर टाकला की पलीकडे काका खोकायला लागायचे, आणि ते ऐकून आई आणखी एक बांगडा टाकायची. सकाळी दोन्हीकडे पेजच व्हायची, तीही एकाच मळ्यातल्या उकड्या तांदळाची. पण झाकण आपटायची दोघींची पद्धत वेगळी होती, आणि नुसत्या त्या आवाजावरून पलीकडचं आज काय बिनसलंय ते आईला कळायचं.

बाबा तहसील कचेरीत कारकून होते. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच रत्नागिरीपासून वेगळा झाला होता आणि कचेरीत दिवसभर इकडची फाईल इकडे, तिकडची तिकडे, असं चाललेलं असायचं. तेच वारं घरात शिरलं असं आई म्हणायची. भांडणाआधी दोघे भाऊ मालवणीत बोलत, एकमेकांना 'रे' म्हणत, शिव्या देत. वाटणीनंतर ते एकमेकांशी कचेरीतली मराठी बोलायला लागले. "आपल्या केळीची पानं आमच्या खळ्यात येतात, ती आपण काढून घ्यावीत." "आपण कळवलंत, आभारी आहे." दोन सख्खे भाऊ खळ्यात समोरासमोर उभे राहून अर्ज वाचून दाखवल्यासारखे बोलायचे. आठवलं की हसू यायला हवं. मला अजून येत नाही.

वाटणीपत्राचा कच्चा मसुदा बाबांनी केला आणि माझं अक्षर चांगलं म्हणून दोन पक्क्या प्रती मला लिहायला बसवलं. एक आमची, एक काकांची. माड तुमचे इतके, आमचे इतके. फणस तुमचा, आंबा आमचा. ओटीवरचा झोपाळासुद्धा काढून एकाला फळी आणि एकाला कड्या दिल्या होत्या. म्हणजे झोका घ्यायची सोय कुणालाच उरली नाही. मागीलदारची विहीर मात्र कापता येईना. तिच्यापुढे बाबांनी लिहिलं होतं, 'विहीर एक, सामाईक.' मी ते दोन्ही कागदांवर लिहिलं. लिहून झाल्यावर मला गंमत वाटली होती. काकांच्या कागदावर विहीर एक, आमच्या कागदावर विहीर एक, आणि मागीलदारी जाऊन बघावं तर दोघांत मिळून एकच. अर्धी कुणाच्याच नावावर नव्हती. त्या वयात गंमत वाटण्यापलीकडे त्याचा काही उपयोग मला दिसला नाही. पुढे झाला, आणि मी तो कसा केला ते सांगायलाच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

काकांची शालू माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी लहान. आम्ही एकाच पाळण्यात निजलो, एकाच वर्गात बसलो. भिंत आल्यावर मोठ्यांनी आमचंही बोलणं बंद केलं. आईने मला शपथ घातली, काकीने तिला. घर तोंडवलीच्या वाळूच्या पट्टीत, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. दहावीनंतर तालुक्याच्या गावी कॉलेजला जायचं तर खाडी होडीने ओलांडून पलीकडे एसटी धरायला लागायची. आम्ही घरातून दोन दारांनी निघायचो आणि पुढेमागे अंतर ठेवून धक्क्यापर्यंत चालायचो. होडीतही ती पुढे नाळेकडे बसायची, मी मागे. होडी मध्यावर गेली, अलीकडचे माड लहान दिसायला लागले आणि पलीकडच्या धक्क्यावरच्या माणसांचे चेहरे अजून ओळखू येत नसले, की शालू उठून माझ्या शेजारी येऊन बसायची. तेवढ्या दहा मिनिटांत आमचं सगळं बोलणं व्हायचं. ती मला गणित सांगायची, मी तिला रसायन. पलीकडचा धक्का जवळ आला की ती परत नाळेकडे. होडीवाल्याने हे वर्षभर बघितलं आणि एकदाही कुणाकडे तोंड उघडलं नाही. आमच्या दोन्ही घरांतल्या सगळ्या शहाण्यांपेक्षा तो माणूस शहाणा होता.

दहावीपर्यंत आम्ही सगळं मराठीत शिकलो. संयुजा, अणू, बंध. अकरावीला सायन्स घेतलं आणि एका उन्हाळ्यात हे सगळे शब्द गेले. पुस्तक इंग्रजी, फळा इंग्रजी, आणि शिकवायला घाटावरून नवीनच आलेले मोहिते सर. माणूस सज्जन. पण इंग्रजी त्यांनाही परकंच होतं, आणि ते एक वाक्य इंग्रजीत वाचायचे व लगेच मराठी करून सांगायचे. सहसंयुज बंधाचा धडा आला तेव्हा त्यांनी फळ्यावर मिथेन काढला. मध्ये कार्बन, भोवती चार हायड्रोजन, आणि प्रत्येक बंधाच्या जागी दोन-दोन टिंबं. "हे दोघे अणू ही जोडी शेअर करतात," सर म्हणाले, "म्हणजे वाटून घेतात." सगळ्या वर्गाने लिहून घेतलं, वाटून घेतात. मग सर म्हणाले की मधल्या अणूभोवती आता आठ इलेक्ट्रॉन झाले, अष्टक पूर्ण, पुढचं पान उघडा.

आम्हाला कुणालाच ते आठ दिसेनात. दोन इलेक्ट्रॉनांची जोडी दोघांनी वाटून घेतली तर एकेकाच्या वाट्याला एक येणार. चार जोड्यांचे कार्बनला चार. आठ कुठले? आमच्याकडे वाटणं म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. फळी एकाला आणि कड्या एकाला. पण सरांना विचारायची छाती कुणाची नव्हती, कारण विचारायचं तर इंग्रजीत. मग सगळ्यांनी सोपा मार्ग धरला, कुठलाही रेणू आला की आठ लिहायचे. मिथेन आठ, अमोनिया आठ, पाणी आठ. बहुतेक वेळा बरोबर यायचं. बोरॉनचा किंवा फॉस्फरसचा रेणू आला की चुकायचं, आणि तिथे सर नुसतं 'हा अपवाद' म्हणायचे.

मला ते एका सकाळी विहिरीवर सापडलं. खोटी फुशारकी नाही मारत, खरोखर रहाट ओढता ओढता सापडलं. आमची पाणी भरायची पाळी संपत आली होती आणि पलीकडून काकी कळशी घेऊन येऊन उभी होती, न बोलता, विहिरीच्या कठड्यावर बोटं वाजवत. ती वाट बघत होती तिच्याच विहिरीची आणि मी पाणी काढत होते माझ्याच. तेव्हा ते दोन कागद डोळ्यांसमोर आले. विहीर एक, विहीर एक. जोडी वाटून घेतलेली नाही, ती सामाईक आहे! कार्बनच्या बाजूने मोजायचं तर दोन्ही इलेक्ट्रॉन कार्बनचे, हायड्रोजनच्या बाजूने मोजायचं तर तेच दोन्ही हायड्रोजनचे. घरी येऊन मी मोजायला बसले. अमोनियात नायट्रोजनच्या तीन जोड्या बंधाच्या, त्यांचे सहा, आणि एक जोडी त्याची एकट्याची, दोन, झाले आठ. बोरॉन ट्रायफ्लोराइडला तीनच जोड्या, म्हणून सहा. फॉस्फरस पेंटाक्लोराइडला पाच जोड्या, दहा. गंधकाचे सहा फ्लोरिन, बारा. अपवाद-बिपवाद काही नव्हतं, जोड्या अख्ख्या धरल्या की सगळं मोजून येत होतं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की सांगायला कुणी तरी हवं होतं. सांगायला एकच माणूस होतं, शालू, आणि तिला मी ते सांगितलं नाही.

का नाही, याचं उत्तर मला त्या वेळी देता आलं नसतं, आज येतं. शालू माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. ती गणित मला समजावून सांगायची तेव्हा तिला ते सोपं वाटतंय हे तिच्या तोंडावर दिसायचं, आणि त्याचा मला राग यायचा. रसायन तेवढं एक माझं होतं. तिथे ती मला विचारायची आणि मी सांगायचे. आता जोडीचं सांगितलं असतं तर तिने ते एका घोटात गिळलं असतं आणि आठ दिवसांत माझ्या पुढे गेली असती. म्हणून तिने होडीत विचारलं तरी मी 'मगे सांगतंय' म्हणून टाळत राहिले. आणि हे टाळताना मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. काकांना तिचं कॉलेज मुळातच पसंत नव्हतं. सहामाहीला तिचे इंग्रजीचे मार्क बघून त्यांनी तिला भिंतीपलीकडे समोर उभं केलं होतं आणि आम्हाला सगळं ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं होतं, "वार्षिकाक एका इषयात जरी नापास झालंस तर कॉलेज बंद. मगे रडान उपयोग नाय." शालूने 'होय' म्हटल्याचंही आम्ही ऐकलं.

वार्षिक परीक्षा आली तेव्हा विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. रसायनाच्या पेपराच्या आदल्या दिवशी सकाळी आईने पाळी संपल्यावर दोन कळश्या जास्त काढल्या, आणि काकी इतके दिवस दाबून धरलेलं सगळं बोलली. पाण्यावरून सुरू झालं ते माझ्यावर आलं. "तुज्या चेडवाक गणितात मार्क पडले ते कोणाच्या जिवार गो? आमच्या शालून शिकवल्यान म्हणान. इचार तेका!"

आई मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. होडीतलं आमचं बोलणं तिला त्या क्षणी कळलं. शालू पडवीच्या दारात पुस्तक घेऊन उभी होती. तिने आपल्या आईला सांगितलं असणार, एरवी काकीला कळणार कुठून? कदाचित कौतुकाने सांगितलं असेल, मी नलूला शिकवते म्हणून. मला ते चोरी उघडी पाडल्यासारखं लागलं. आई कळशी उचलून घरात आली आणि मला म्हणाली, "माजी शपत मोडलंस ती मोडलंस, आणि कोणाकडसून शिकलंस तर तिच्याकडसून." दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या ताटात पेज वाढली आणि लोणचं वाढायला विसरली. विसरली म्हणजे काय ते आमच्या घरात लहान मुलालाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी होडी मध्यावर गेल्यावर शालू उठून माझ्या शेजारी आली. आदल्या दिवशीचं काहीच झालं नाही असं. तिच्या मांडीवर रसायनाची वही उघडी होती आणि वाऱ्याने पान उडू नये म्हणून तिने त्यावर हात दाबून धरला होता.

"नलू, एकच सांग. माका तां कळल्याशिवाय लिवता येवचां नाय. मधल्या अणूभोवती मोजताना जोडी आख्खी धरूची काय अर्धी?"

मी पाण्याकडे बघत म्हटलं, "अर्धी."

"नक्की?"

"सर वाटून म्हणान सांगतत ना? वाटून म्हणजे अर्धी."

"मगे कार्बनाक आठ कशे होतत?"

"तां नुसतां पाठ करूचां," मी म्हटलं. "बाकीचे अर्धी धरून मोज."

मग तिने वही मिटली, "बरां केलंस सांगलंस तां," म्हणाली आणि नाळेकडे गेली. मी त्या वेळी काय केलं हे मला पूर्ण कळत होतं. लोक म्हणतात, लहान वय होतं, रागाच्या भरात झालं. राग आदल्या दिवशीच ओसरला होता. मी शांत होते. मी सरांचंच वाक्य परत म्हणते आहे, यात माझं काय, इतका विचार करण्याइतकी मी शांत होते.

पेपरात पहिलाच प्रश्न तो होता, सक्तीचा, दहा मार्कांचा. पाच रेणू दिले होते, आकृती काढून मधल्या अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन मोजून दाखवा. पाचांत मिथेन नव्हता. मी पाचही दहा मिनिटांत सोडवले. माझ्या पुढच्या बाकावर शालूची पाठ दिसत होती. ती बराच वेळ लिहीत नव्हती, नंतर लिहायला लागली. मी वर बघायचं टाळलं.

निकाल लागला. रसायनात मी पहिली आले आणि शालू सहा मार्कांनी नापास झाली, तेवढ्या एकाच विषयात. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा ओटीवर पेपर वाचत बसले होते. ते भिंतीकडे तोंड करून, मुद्दाम मोठ्याने, कचेरीतली मराठी सोडून म्हणाले, "बरी जिरली!" त्या दिवशी घरी सुरमई होती. मधली मोठी तुकडी नेहमी बाबांच्या ताटात जायची, तशी आमच्या घरची रीत. आईने ती माझ्या ताटात वाढली आणि वर सोलकढीची वाटी भरून ठेवली. भिंतीपलीकडे भांड्याचा आवाज नव्हता. फोडणीचा वास नव्हता. काकांचं खोकणंसुद्धा नव्हतं. मी ती तुकडी खाल्ली. घशाखाली उतरली नाही वगैरे लिहिलं तर खोटं होईल. चांगली लागली. काट्याला चिकटलेलंही मी काढून खाल्लं, आणि त्याबद्दल मला स्वतःची जितकी किळस येते तितकी होडीतल्या त्या एका शब्दाबद्दलही येत नाही.

पुढच्या रविवारी मोहिते सर होडीने आमच्या गावात आले. कुणाच्या तरी घरी शिक्षक येणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. ते काकांच्या ओटीवर बसले, काकांनी त्यांना शहाळं दिलं, आणि मी अलीकडे मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत ऐकत होते.

"मुलगी हुशार आहे हो," सर म्हणत होते. "एक वर्ष परत बसू दे. मी स्वतः लक्ष घालतो."

"आपण एवढ्या लांब आलात, आनंद वाटला," काका म्हणाले. "परंतु आमचा निर्णय झालेला आहे."

सरांनी शहाळं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मला एक कोडं सुटत नाही. पोरांनी आठ-आठ ठोकून दिले, ते मी समजू शकतो. हिने तसं नाही केलं. हिने प्रत्येक ठिकाणी नीट मोजलंय, फक्त जोडी अर्धी धरून. बोरॉनला तीन, फॉस्फरसला पाच. सगळं चुकलंय आणि सगळं एकाच रीतीने चुकलंय. पोरी, अर्धी धरायची असं तुला कुणी सांगितलं?"

माझे हात सुपात थांबले. भिंतीच्या वरची ती दोन हात मोकळी जागा माझ्या डोक्यावर होती. मी बसल्या जागेवरून नुसतं बोलले असते तरी पलीकडे ऐकू गेलं असतं. 'मी सांगितलं.' एवढंच म्हणायचं होतं. काकांचा निर्णय त्याने बदलला असता की नाही ते सांगता येत नाही, पण त्यांनी बाबांशी भांडण काढलं असतं, सरांनी मधे पडून काहीतरी केलं असतं. निदान शालूच्या माथ्यावरची ती चूक तिची राहिली नसती. मी तांदळातला एक खडा काढला आणि हातात धरून ठेवला.

"कुणी नाही सर," शालू पुस्तकी मराठीत म्हणाली. "मला तसं वाटलं."

सर शहाळं संपवून गेले. मला वाटतं त्यांना ते 'वाटून' आपणच शिकवलं हे कधीच कळलं नाही. कळलं असतं तर तो माणूस झोपला नसता.

जून लागला आणि मी एकटी होडीत बसायला लागले. शालू खाडीच्या अलीकडेच राहिली. काकांनी तिला काजूच्या कारखान्यात घातलं. भाजलेल्या काजूचं टरफल फोडून गर अख्खा बाहेर काढायचं काम. टरफलातल्या चिकाने कातडी जळते, बोटांची टोकं काळी होतात आणि साबणाने जात नाहीत. संध्याकाळी ती विहिरीवर यायची तेव्हा मी पाळी लवकर संपवून घरात जायचे. दोनतीन वर्षांनी तिचं लग्न होऊन ती तारकर्लीला गेली. तेव्हा मी कोल्हापूरला शिकत होते आणि परीक्षा आहे असं कळवून लग्नाला आले नाही. परीक्षा नव्हती.

मी रसायनाची शिक्षिका झाले. घाटावरच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला आयुष्यभर तोच धडा शिकवला. 'वाटून' हा शब्द मी वर्गात एकदाही उच्चारला नाही. फळ्यावर दोन घरं काढायचे, मध्ये विहीर काढायचे आणि मुलांना विचारायचे, सांगा, या घरच्या किती विहिरी? त्या घरच्या किती? मुलं हसायची आणि मग कधी चुकायची नाहीत. बाईंची विहीर म्हणून ती प्रसिद्ध झाली. निरोपाच्या समारंभात तीनतीन जणांनी भाषणात विहीर आणली, आणि एका मुलीने सांगितलं की बाईंमुळे आम्हाला एकत्र राहण्याचा अर्थ कळला. टाळ्या पडल्या. मी हात जोडून उभी राहिले. एखाद्याने माझ्या तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं, पण समारंभात तसं कुणी करत नाही.

गेल्या वर्षी मी तारकर्लीला गेले. शालूच्या मुलाने घरामागे पर्यटकांसाठी चार खोल्या काढल्या आहेत आणि स्वयंपाक शालूच बघते. मी न कळवता गेले, कारण कळवलं असतं तर पाय निघाला नसता. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून विळीवर नारळ खवत होती. केस सगळे पिकलेले, चष्मा दोरीने गळ्यात. तिने मला बघितलं, ओळखलं, आणि पाट पुढे सरकवून म्हणाली, "बस गो. जेवन जातलंस." एवढ्या वर्षांनी, आणि काल भेटल्यासारखं. मुलाबाळांचं झालं, दोन्हीकडचे म्हातारे कधी गेले ते झालं. मग माझ्याने राहवेना.

"शालू," मी म्हटलं, "त्या दिवशी होडीत मी तुका मुद्दाम चुकीचां सांगलंय. माका बरोबर येत होतां."

तिचा हात थांबला नाही. नारळाची कवडी फिरवत फिरवत ती म्हणाली, "तां माका मागीरच कळलां. तू लग्नाक इलंस नाय तेवाच." खोबऱ्याचा ढीग तिने बोटाने एका बाजूला केला. "पण जोडी आख्खी धरूची तां माका पेपरातच कळललां."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"अर्धी धरून मोजूक लागलंय," ती सांगायला लागली, "तर बोरॉन तीन घेवन इललो, तेका तीनच ऱ्हवले. फॉस्फरस पाच घेवन इललो, तेका पाचच. म्हटलं, जेचे तेका तेवडेच ऱ्हवतत तर मगे ही जोडी करूची कित्याक? मगे पेन्सिलीन कडेक मिथेन काडलंय आणि आख्खी धरून ताळो बघलंय. बरोबर आठ इले. सगळे पाचव तसे मोजलंय. सगळे इले."

"मग लिहिलं का नाहीस?" मी विचारलं. माझी मालवणी कुठे गेली मला कळलं नाही.

"रबरान पुसलंय." तिने कवडी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही. राग असता तर मी तो घेऊन घरी आले असते. "म्हटलं, माजांच काय तरी चुकता. नलू माका खोटां कशाक सांगात?"